सोमवार ते सोमवार: ६७२ तास

शेवट आधीच सांगतो. सोमवार, ६ एप्रिल २०२० रोजी मुंबई सेंट्रलचे वोक्हार्ट रुग्णालय महापालिकेने प्रतिबंधित क्षेत्र म्हणून जाहीर केले. तिथल्या २६ परिचारिकांना आणि ३ डॉक्टरांना करोनाची लागण झाली होती. नवा रुग्ण आत घ्यायचा नाही, आतल्याने बाहेर पडायचे नाही, असा हुकूम निघाला. लोक जिथे बरे व्हायला जात, तीच इमारत आजाराचे ठाणे झाली.

त्याआधीचा चौथा सोमवार होता ९ मार्च. मधले २८ दिवस म्हणजे ६७२ तास. या तासांत काय काय घडत गेले ते मी इथे बेंगळुरूच्या महादेवपुऱ्यात बसून ओळीने मांडले आहे. सगळ्या घटना एका रुग्णालयातल्या नाहीत, एका देशातल्याही नाहीत. पण मुंबईतले रुग्णालय ज्या वाटेने बंद पडले, ती वाट त्या महिन्यात अनेक ठिकाणी उघडी होती. ती कुठे उघडी राहिली आणि कुठे वेळेत बंद झाली, हे तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की दिसते.

९ मार्च, सोमवार. उरले ६७२ तास

हुताशनी पौर्णिमा. कर्नाटकातला पहिला करोनारुग्ण सापडल्याचे मंत्री के. सुधाकर यांनी बेंगळुरूत जाहीर केले. आयटी कंपनीतला अभियंता, १ मार्चला अमेरिकेहून परतलेला. त्याला राजीव गांधी छातीरोग संस्थेत वेगळे ठेवण्यात आले. महादेवपुरा, व्हाइटफील्ड, मारतहळ्ळी हा सगळा पट्टा आयटीवाल्यांचा. त्यामुळे त्या संध्याकाळी इथल्या सोसायट्यांमध्ये एकच चर्चा: कुठली कंपनी, कुठला टॉवर, कुठली बस? चर्चा चुकीची नव्हती. पण खोकणारा माणूस शेवटी जातो दवाखान्यात. तिथे त्याच्या शेजारी कोण बसते, त्याला नेब्युलायझर कुठे लावतात, केसपेपर काढायला तो किती वेळ रांगेत उभा राहतो, याबद्दल कुणी अवाक्षर काढल्याचे मला आठवत नाही.

त्याच दिवशी कलबुर्गीत ७६ वर्षांच्या एका गृहस्थांना खासगी रुग्णालयात दाखल केले. ते २९ फेब्रुवारीला सौदी अरेबियाहून परतले होते. ६ मार्चला ताप-खोकला सुरू झाला, तेव्हा घरच्या नेहमीच्या डॉक्टरांनी घरी येऊन तपासले. आता न्यूमोनिया दिसत होता, करोनाचा संशयही होता. घशातला स्राव घेऊन बेंगळुरूच्या प्रयोगशाळेकडे रवाना केला. कलबुर्गी ते बेंगळुरू अंतर सुमारे ६०० किलोमीटर. निकाल येईपर्यंत त्यांना सरकारी रुग्णालयाच्या विलगीकरण कक्षात हलवू द्या, अशी विनवणी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी केली. नातेवाइकांनी ऐकले नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज घेऊन ते रुग्णाला हैदराबादला घेऊन निघाले.

पुण्यातही त्याच रात्री महाराष्ट्रातले पहिले दोन रुग्ण जाहीर झाले. दुबईची सहल करून आलेले जोडपे. त्यांना ठेवले नायडू सांसर्गिक रुग्णालयात. दुसऱ्या दिवशी त्यांची मुलगी, त्यांना मुंबईहून पुण्याला आणणारा टॅक्सीचालक आणि एक सहप्रवासी बाधित निघाले. पाठोपाठ शोध लागला, पाठोपाठ वेगळे ठेवले गेले. पुण्याचे हे काम मला फार मोलाचे वाटते. साथीच्या रुग्णासाठी वेगळी वास्तू आणि वेगळी वाट ठेवायची, हे प्लेगने शिकवलेले शहाणपण तिथे अजून शाबूत होते.

आणि समुद्रापार, दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बन शहरात, सेंट ऑगस्टिन्स या खासगी रुग्णालयात नेमका याच दिवशी युरोपहून परतलेला एक रुग्ण तातडीच्या विभागात आला. लक्षणे होती, चाचणीसाठी नमुना घेतला गेला, आणि काही तासांत तो घरीही गेला. त्याच वेळी, त्याच विभागात, पक्षाघाताच्या संशयाने एका वृद्धाश्रमातली ८१ वर्षांची बाई आणली होती. दोघांना तपासणारा डॉक्टर एकच होता. बाईंना ना ताप ना खोकला. त्यांना रीतीप्रमाणे वॉर्डात हलवले.

त्याच दिवसातली ४६ मिनिटे

इथे घड्याळ थोडे थांबवतो, कारण पुढचे सगळे या काही मिनिटांत ठरते.

कुणी खोकले की मोठे थेंब हात-दोन हातांवर खाली पडतात. त्यांच्यासाठी अंतर आणि हात धुणे पुरते. पण अगदी बारीक कण खाली पडत नाहीत. ते हवेत तरंगतात आणि खोलीभर पसरतात. ते किती वेळ राहतील, हे खोलीतली हवा तासाला किती वेळा बदलते त्यावर अवलंबून. तासाला १२ वेळा बदलली तर ९९ टक्के कण निघून जायला २३ मिनिटे लागतात. ६ वेळा बदलली तर ४६ मिनिटे. आणि दोनदाच बदलली तर १३८ मिनिटे, म्हणजे सव्वादोन तासांहून जास्त. एवढ्यात खोकणारा माणूस औषध घेऊन घरी पोचलेला असतो, आणि त्याच्या खुर्चीवर तिसराच कुणी बसलेला असतो.

भिंतीवरचा साधा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही. खोलीतलीच हवा ओढतो, गार करतो, परत सोडतो. खिडक्या बंद, दार बंद, एसी चालू: थंडाव्यामुळे बसणाऱ्याला बरे वाटते, पण हवा मात्र तीच. पेरूची राजधानी लिमा इथे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या १९५० पूर्वीच्या वॉर्डांमध्ये खिडक्या उघड्या ठेवल्यावर हवा तासाला सुमारे ४० वेळा बदलत होती; यंत्राने हवा खेळवणाऱ्या आधुनिक विलगीकरण खोल्यांत १२ वेळा. आपल्याकडच्या जुन्या दगडी सरकारी रुग्णालयांचे उंच व्हरांडे आठवा. ते बांधणाऱ्यांना विषाणू दिसला नव्हता, पण क्षय आणि प्लेग त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते.

१० मार्च, मंगळवार. उरले ६४८ तास

धुळवड. हैदराबादेत कलबुर्गीच्या रुग्णावर एका खासगी रुग्णालयात थोडे उपचार झाले, मग डिस्चार्ज. परत कलबुर्गीच्या सरकारी रुग्णालयाकडे आणताना वाटेतच त्यांचा मृत्यू झाला. दोन शहरे, तीन-चार दारे, एक रुग्णवाहिका, आणि प्रत्येक दारात त्यांना उचलणारे, स्ट्रेचर ढकलणारे, नळी लावणारे हात. त्या हातांना काही सांगायला निकालच आला नव्हता.

नातेवाइकांना दोष देणे सोपे आहे. मला तो द्यावासा वाटत नाही. घरातला माणूस गुदमरत असताना मोठ्या शहराकडे धावणे हे आपण सगळेच करतो. त्या धावपळीत कुठल्याही दारात रुग्ण आला तरी कर्मचारी सुरक्षित राहतील, अशी सोय असणे ही रुग्णालयाची जबाबदारी.

१२ मार्च, गुरुवार. उरले ६०० तास

बेंगळुरूहून निकाल आला. कलबुर्गीचे गृहस्थ बाधित होते. भारतातला हा करोनाचा पहिला मृत्यू. निकालाच्या आधी दोन दिवस माणूस गेला होता.

१३ मार्च, शुक्रवार. उरले ५७६ तास

डर्बनमध्ये पक्षाघाताच्या बाईंना ताप चढला. पक्षाघाताच्या वयस्क रुग्णाला ताप येण्याची दहा कारणे असतात. त्यांना परदेशप्रवास नाही, खोकणाऱ्या कुणाशी ओळख नाही. करोनाचा विचार कुणाच्या मनात यावा?

१७ मार्च, मंगळवार. उरले ४८० तास

या एका तारखेला तीन गोष्टी घडल्या.

डर्बनमध्ये त्या बाईंची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकेला लक्षणे दिसू लागली. कलबुर्गीत त्या गृहस्थांना घरी जाऊन तपासणारे ६३ वर्षांचे डॉक्टर बाधित असल्याचे जाहीर झाले. आणि मुंबईत, चिंचपोकळीच्या कस्तुरबा रुग्णालयात महाराष्ट्रातला पहिला करोनामृत्यू झाला. साठी ओलांडलेले, दुबईहून परतलेले ते गृहस्थ आधी माहीमच्या हिंदुजा रुग्णालयात होते. त्यांच्या संपर्कात आलेल्या तिथल्या कर्मचाऱ्यांना विलगीकरणात पाठवावे लागले होते.

परिचारिका, घरचे डॉक्टर, मोठ्या रुग्णालयाचे कर्मचारी. तिघांपैकी कुणीही काम सोडून पळाले नव्हते. काम करत होते म्हणूनच धोक्यात आले.

२० मार्च, शुक्रवार. उरले ४०८ तास

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने चाचणीचे नियम बदलले. आतापर्यंत मुख्य भर परदेशातून आलेल्यांवर आणि बाधितांच्या संपर्कातल्यांवर होता. आता श्वसनाचा तीव्र आजार घेऊन रुग्णालयात दाखल झालेल्या प्रत्येकाची चाचणी करायची, मग तो गावाबाहेर पडलेला नसला तरी.

पाऊल योग्य दिशेचे होते. पण छातीत दुखते म्हणून आलेला, हाड मोडले म्हणून आलेला, डायलिसिससाठी आठवड्यातून ठरलेल्या वारी येणारा, या नियमात कुठे बसतो? वोक्हार्टमध्ये लागण पसरली ती हृदयविकारासाठी आलेल्या एका वयस्क रुग्णापासून, असे तेव्हा सांगितले गेले. म्हणजे चाचणीची यादी कितीही लांबवली तरी दारातून आत येणारा पहिला माणूस यादीत नसणारच, असे धरून चालायला हवे होते. आत येणाऱ्या प्रत्येकाच्या आणि आत काम करणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडावर मास्क हवा होता. हवा खेळती हवी होती. एका वॉर्डाची सिस्टर दुसऱ्या वॉर्डात फिरायला नको होती. या तिन्ही गोष्टींना निकालाची वाट पाहावी लागत नाही.

आणि हे काही नवे ज्ञान नव्हते. हवेतून पसरणाऱ्या संसर्गापासून दवाखाने कसे राखावेत, याची मार्गदर्शिका क्षयरोगाच्या निमित्ताने केंद्र सरकारने २०१० सालीच काढली होती. खोकणाऱ्याला रांगेत हेरा, मास्क द्या, वेगळे बसवा, आधी तपासून मोकळे करा: सगळे त्यात आहे. संसर्ग नियंत्रणाची सर्वंकष राष्ट्रीय मार्गदर्शिका तर जानेवारी २०२० मध्ये, म्हणजे ऐन वेळी, आली होती.

दक्षिण कोरियातल्या सोलचा धडाही तेव्हा पाच वर्षे जुना होता. मे २०१५ मध्ये सॅमसंग मेडिकल सेंटरच्या तातडीच्या विभागात ३५ वर्षांचा एक रुग्ण २७ ते २९ तारखेपर्यंत होता. आधीच्या रुग्णालयात त्याला मर्सची लागण झाली होती, पण ती कुणाला ठाऊक नव्हती. त्याबद्दलचा आरोग्य खात्याचा निरोप २९ च्या रात्री पोचला. तोवर त्या गजबजलेल्या दालनातून ८२ जणांना लागण झाली होती: ३३ रुग्ण, ८ कर्मचारी आणि ४१ भेटायला किंवा सोबतीला आलेली माणसे. निम्मे लोक रुग्ण नव्हतेच. आजारी माणसाजवळ थांबणे हे आपले कर्तव्य मानणारी कोरियन कुटुंबे आणि आपली कुटुंबे यांत मला काही फरक दिसत नाही. पुढे संशोधकांनी कॅमेऱ्यांची चित्रणे आणि नोंदी तपासल्या. ज्या भागात तो रुग्ण होता त्याच भागातल्या रुग्णांपैकी २० टक्क्यांना लागण झाली. नोंदणीच्या किंवा एक्स-रेच्या जागी ओझरती गाठ पडलेल्यांपैकी ५ टक्क्यांना. ओझरत्या भेटीतही वीसात एक.

२५ मार्च, बुधवार. उरले २८८ तास

गुढीपाडवा. देशभर टाळेबंदीचा पहिला दिवस. महादेवपुऱ्यात रिंग रोडवर गाडी दिसेना. घरोघरी लोक दाराआड बसले.

परिचारिका ड्यूटीवर गेल्या. त्यांतल्या कितीतरी जणी केरळातून मुंबईत आलेल्या. पगारात मुंबईत स्वतंत्र घर परवडत नाही. एका खोलीत तिघी-चौघी राहणे हे सर्वत्रच चालते. एकीची रात्रपाळी संपते तेव्हा दुसरी डबा भरून निघते. जेवणाच्या खोलीत मास्क काढूनच बसावे लागते, आणि त्या खोलीला खिडकी असेलच असे नाही. रुग्णालयातला संसर्ग म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर रुग्णाचा पलंग येतो. वसतिगृहाची खोली, कपडे बदलण्याची जागा, चहाचे टेबल आणि ड्यूटी हँडओव्हरचा कोपरा या जागांकडे नंतरही फारसे लक्ष गेले नाही. माझ्या मते सगळ्यात मोठी दुर्लक्षित जागा हीच.

मार्चअखेर. उरले दीडशेच्या आत

पिंपरीतल्या एका मोठ्या रुग्णालयात अपघातात जखमी झालेल्या रिक्षाचालकाला आणले. शस्त्रक्रिया झाली. मग तो करोनाबाधित निघाला. डॉक्टर आणि इतर कर्मचारी मिळून नव्वदहून अधिक जणांना एका फटक्यात विलगीकरणात जावे लागले. भूलतज्ज्ञ, शल्यचिकित्सक, ओटीतले ब्रदर, मावशी, मामा, सगळेच. कुणाला लागण होवो न होवो, रुग्णालयाचे एवढे मनुष्यबळ चौदा दिवस घरी. ही हानी बाधितांच्या आकड्यात कधी धरली जात नाही.

मुंबईत वोक्हार्टमध्ये तोवर परिचारिका बाधित निघू लागल्या होत्या. संपर्कातल्या परिचारिकांना वेळेत वेगळे केले नाही, त्यांच्या चाचण्या वेळेत केल्या नाहीत, असा आरोप परिचारिकांच्या संघटनेने केला.

५ एप्रिल, रविवार, रात्री ९. उरली एक रात्र

देशभर नऊ मिनिटे दिवे मालवले गेले, पणत्या लागल्या. आमच्याही सोसायटीच्या गॅलऱ्या उजळल्या. लोकांची भावना खरी होती, मी तिच्यावर शंका घेत नाही. त्या रात्रीही वॉर्डांमध्ये पाळी बदलली.

६ एप्रिल, सोमवार. शून्य

२६ आणि ३. रुग्णालय बंद. आतल्या अडीचशेहून अधिक रुग्ण-कर्मचाऱ्यांच्या चाचण्या सुरू झाल्या, आणि पुढच्या दिवसांत बाधितांचा आकडा वाढत गेला. ज्यांची बायपास ठरली होती, ज्यांचे डायलिसिस तिथे चालू होते, त्यांना दुसरे दार शोधावे लागले, आणि इतर दारेही तेव्हा घाबरून अर्धवट मिटलेली होती. मुंबईत सार्वजनिक ठिकाणी मास्क सक्तीचा झाला तो ८ एप्रिलला, दोन दिवसांनी. त्याच महिन्यात पुण्याच्या रुबी हॉल क्लिनिकमध्ये १९ परिचारिकांसह २५ कर्मचारी बाधित निघाले.

डर्बनचा हिशेब ३० एप्रिलपर्यंत पूर्ण झाला: ३९ रुग्ण आणि ८० कर्मचारी, एकूण ११९ बाधित, १५ रुग्णांचा मृत्यू. तपास करणाऱ्यांनी विषाणूच्या जनुकांची जुळणी केली, रुग्ण कोणत्या दिवशी कोणत्या पलंगावर होता याची कोष्टके मांडली, आणि सगळी साखळी ९ मार्चच्या त्या काही तासांपाशी नेऊन जोडली. रुग्णांना वॉर्डातून वॉर्डात सतत हलवत राहिल्याने लागण पाच वॉर्डांत, तिथून डायलिसिस केंद्रात आणि वृद्धाश्रमात पोचली होती. त्यांच्या शिफारशी साध्या आहेत. रुग्णालयाचे धोक्यानुसार भाग पाडा. रुग्ण कमीत कमी हलवा. आघाडीवरच्या कर्मचाऱ्यांची दर आठवड्याला चाचणी करा.

आज, महादेवपुरा

सर्व्हिस रोडवरच्या एका रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत परवा बराच वेळ बसावे लागले. सरकते काचेचे दार, टोकनचे यंत्र, एकमेकांना जोडलेल्या स्टीलच्या खुर्च्या. छतात एसी. भिंतभर काच, पण उघडणारे तावदान एकही नाही. कोपऱ्यात सलाइन लावलेल्या दोन बायका, आणि त्यांच्यापासून एका पडद्याच्या अंतरावर नेब्युलायझरची खुर्ची. तिच्यावर एक मुलगा खोकत होता, मुखवट्याच्या कडेने पांढरी वाफ बाहेर येत होती. २००३ साली हाँगकाँगच्या प्रिन्स ऑफ वेल्स रुग्णालयात सार्सच्या एका तरुण रुग्णाला आठवडाभर वॉर्डातच नेब्युलायझर दिला गेला होता. त्या उद्रेकात १३८ जणांना लागण झाली, त्यात ६९ आरोग्य कर्मचारी होते आणि १६ वैद्यकीय विद्यार्थी.

त्या कॅज्युअल्टीला मागच्या बाजूला छप्पर असलेला उघडा पॅसेज आहे. तिथे विजेचा एक पॉइंट काढला की नेब्युलायझरची खुर्ची बाहेर जाते. खोकणाऱ्यांची बाके तिथेच मांडता येतात. काचेच्या भिंतीत दोन तावदाने बसवता येतात आणि समोरच्या बाजूला बाहेर हवा फेकणारा पंखा. ड्यूटीवरच्या सिस्टरला मी हे बोलून दाखवले. ती म्हणाली, दिवसा रिसेप्शनला माणसे असतात, ती विचारतात तरी. रात्री दहानंतर दारात फक्त सिक्युरिटी. तो आसामचा, येणारे कन्नड, तेलुगू, तमिळ, हिंदी, मराठी बोलणारे. 'केम्मु इदेया?', खोकला आहे का, एवढे त्याला पाच भाषांत शिकवायला आणि त्याच्या टेबलावर मास्कचा खोका ठेवायला किती खर्च येतो? व्यवस्थापनाला लिहिलेल्या पत्रात मी हाच प्रश्न सगळ्यात वर घातला आहे. खाली खुर्ची, खिडकी, आणि सिस्टरांच्या जेवणाच्या खोलीला पंखा.